आवक क्रमांक

भिंतीवर एक फिकट चौकोन आहे,
अडीच हात उंच, वर कमान.
तिथे आमचा ओरातोर होता. सागाचा, सोनेरी वेलबुट्टीचा,
आत सांत आंतोन, सायबीण,
आणि एक हात तुटलेला बाळ येशू,
ज्याला सासूबाई दर नाताळात नवा झगा शिवायच्या.
त्यांच्या महिन्याच्या मिसेनंतर
नणंद टेम्पो घेऊन आली.

अकरा वर्षं झाली.
आम्ही अजून त्या चौकोनासमोरच गुडघे टेकतो.
रंगारी दोनदा येऊन गेला, मी म्हटलं, तेवढं सोड.
कशासाठी, ते मला माहीत होतं.
देवाला माहीत नसेल असं नाही.

साडेसातला तेर्स.
लिगोरियो जहाजाच्या भटारखान्यातून फोनवर,
त्याच्या मागे कुणीतरी कांदे चिरत असतो.
सासरे आरामखुर्चीत.
जेवलो की नाही ते त्यांना आठवत नाही,
पण कुठल्या ओळीनंतर काय म्हणायचं, ते चुकत नाही.
बातम्यांमधल्या बाईलाही ते ‘आमेन’ म्हणतात.
मी शाळा शिकले मराठीत, प्रार्थना कोंकणीत,
ओरडा खाल्ला पोर्तुगीजमध्ये.
आणि ‘आमच्या अपराध्यांना जशी आम्ही’ ही ओळ आली
की तिन्ही भाषांत मला खोकला येतो.

मडगावच्या मामलेदार कचेरीत मी आवक लिहिते.
लोक विचारतात, बाई, एवढंच काम?
एवढंच. कागद येतो, मी त्याला नंबर देते.
नंबर नसेल तर कागद जन्मलाच नाही.
पाकीट कधी घेतलं नाही.
बाबुसो शिपाई हसतो,
कुतिन्हो बाईंचं पाकीट म्हणे थेट वर जमा होतं.
नागवेकर बाई श्रावणात जेवतात
तसं मी ते चाळीस दिवस जेवते.
भेंडीचा डबा आलटून पालटून.

तर त्याच चाळीस दिवसांत टपालाने
एर्मेलिंडाचा अर्ज आला.
फेरफार. ओहोळाकडचं भाट, बावीस माड,
एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव घालण्यासाठी.
तिचा हक्क होता. मी वाचून पाहिला, दोनदा,
कुठे काही चुकतंय का म्हणून.
मग ढिगाच्या तळाशी सरकवला.

लाच नाही, खोटं नाही, शिवी नाही.
फक्त तळ.
पाच आठवडे वरचे कागद सुवाच्य अक्षरात लिहिले,
पाच रविवार कुमगाराला गेले, जीभ पुढे केली.
पाद्रीला सगळं सांगितलं, हे सोडून.
कुठल्या आज्ञेखाली घालावं, तेच समजेना.

शनिवारी सासऱ्यांना आंघोळ घालत होते.
पाठीला साबण लावताना म्हणाले,
‘एर्मेलिन, आलीस? पाणी बरं आहे.’
मी म्हणणार होते, मी ती नव्हे.
पण हाताखाली त्यांची पाठ होती,
पोराची असावी तशी, मणके मोजता येतील अशी.
‘हो पापा,’ म्हटलं, ‘आले.’
‘बस चुकली असेल,’ ते म्हणाले.

अकरा वर्षांची बस.
मी तांब्याने पाणी ओतत राहिले,
साबण कधीच निघून गेला होता.

सोमवारी कागद वर काढला.
पेन उमटेना, नागवेकर बाईंचं घेतलं.
आवक क्रमांक चार हजार एकशे सतरा.
तारीख त्या दिवसाची. मागची घालता आली असती.
आभाळातून काही आवाज आला नाही.
बाबुसोने फाइल उचलली, पंख्याखालून गेला.
बरं वाटलं म्हणावं, तर तसंही नाही;
उलट त्या थोट्या बाळ येशूची आठवण
दिवसभर जास्तच आली.

संध्याकाळी, नेमकं त्या ओळीपाशी,
लिगोरियोचं नेटवर्क गेलं.
तोंड उघडं, चित्र गोठलेलं,
मागे अर्धा चिरलेला कांदा.
सासरे थांबले.
ही माझी ओळ आहे, एवढं त्यांना कळतं.
मी खोकला शोधला. सापडला नाही.
अर्धी म्हटली.

‘आमेन,’ ते म्हणाले,
जरा आधीच.